सव्वासोळा इंचाचं पंधरा

लेकीच्या नेमणूकपत्रातलं सातवं कलम: वाहन चालवण्याचा परवाना एक तारखेपर्यंत सादर करावा, अन्यथा नेमणूक रद्द समजावी.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी आयुष्यात एकच गाडी घेतली. ती ते दर रविवारी पुसतात. चालवत नाहीत, कारण मग परत पुसावी लागेल.

टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं: १८५/६५ आर १५.

पडद्याचं कापड मोजताना वरची दुमड धरायची की सोडायची, यावरून एका घरात तीन दिवस अबोला होता.

परवाना कार्यालयात खिडकी क्रमांक चार ही खिडकी क्रमांक सहाच्या नंतर येते. पाच नाहीच.

एक पोलादी टेप. पाच मीटर. सरकारी शिक्क्याची.

मेहुण्याने कधी स्वतःची गाडी घेतली नाही, त्यामुळे त्याला सगळ्याच गाड्यांतलं कळतं.

*

लेक, टेप, मेहुणा आणि तो पडदा, सगळे एकाच घरातले. त्या घरचे कर्ते वजनमाप खात्यात निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांचे मीटर आणि पेट्रोल पंपांचे आकडे तपासले. खात्यात त्यांना सगळे मापकाका म्हणत आणि हळूहळू ते नाव बिल्डिंगमध्येही आलं. ‘अहो, असं काय नाव ठेवता माणसाला,’ असं ते म्हणायचे, पण कोणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर वळून बघायचे नाहीत.

एकतीस वर्षांत ‘माप चुकले’ हा शेरा त्यांनी काही हजार वेळा लिहिला असेल. पण तो दरवेळी दुसऱ्याच्या मापाबद्दल. स्वतःच्या मापाखाली तो शेरा लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना ती येईल असं काही लक्षणही दिसत नव्हतं.

तर त्यांची लेक. हिला घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करून द्यायची नोकरी लागली होती. गाडी कंपनी देणार, परवाना हिने आणायचा. पहिल्या परीक्षेत गाडी चढावर बंद पडली. दुसऱ्या परीक्षेत बंद पडायचीही संधी मिळाली नाही. परीक्षक बाई गाडीजवळ आल्या, वाकल्या, टायरवरून एक बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘हा टायर आहे की टक्कल? नवे घालून या.’

म्हणजे पहिलं नापास होणं लेकीचं, दुसरं बापाचं. कारण ‘अजून दोन वर्षं सहज जातील’ हे टायरांबद्दलचं मत मापकाकांचं होतं, आणि तेही नुसतं बघून दिलेलं, न मोजता. हे त्यांना फार लागलं. तिसरी तारीख मिळाली ती शुक्रवारची. एक तारीख सोमवारी. मधे शनिवार-रविवार, तेव्हा कार्यालय बंद. थोडक्यात, शुक्रवार गेला की नोकरी गेली.

काम अगदी साधं होतं. चार टायर बदलायचे.

*

‘नुसते टायर?’ मेहुणा म्हणाला. तो शनिवारी सहज म्हणून आला होता. तो नेहमी सहजच यायचा आणि जेवून जायचा. ‘भावजी, टायर बदलताच आहात तर चाकंच बदला ना. अलॉयची घ्या. एक नंबर मोठी.’

‘मोठी कशाला?’

‘दिसतात.’

‘आत्ताची दिसत नाहीत का?’

‘दिसतात, पण अशी दिसतात.’ मेहुण्याने हाताने काहीतरी लोंबतं, केविलवाणं दाखवलं. ‘परीक्षक काय बघतो? पहिल्यांदा गाडी बघतो. गाडी बघून त्याने मत बनवलं की संपलं.’

‘परीक्षक बाई आहेत, मामा,’ लेक म्हणाली.

‘मग तर आणखीच.’

‘आणखीच म्हणजे काय रे?’ काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, आणि मेहुण्याने तो मुद्दा सोडून दिला.

बँकवाले वरून खाली आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांच्या घरात खालचं सगळं ऐकू येतं. त्यांचं म्हणणं, चाकं तीच ठेवा, टायर रुंद घ्या, रुंद टायर रस्ता धरून ठेवतो. मेहुण्याचं म्हणणं, रुंद टायर पेट्रोल पितो. बँकवाल्यांचं म्हणणं, गाडी चालवलीच नाही तर पीत नाही. यावर दोघांचं एक तास चाललं. मापकाका एका वहीत दोघांची मतं समोरासमोर दोन रकान्यांत लिहीत होते. शेवटी पाहिलं तर दोन्ही रकाने अगदी सारखे लांब भरले होते. मापकाकांना त्यातलं कोणतं बरोबर ते कळलं नाही, पण रकाने बघून बरं वाटलं.

‘बाबा,’ लेक म्हणाली, ‘आहे तोच नंबर द्या म्हणायचं. टायरवर लिहिलेला असतो.’

म्हणून मापकाका तो नंबर वाचायला खाली गेले. तिथेच सगळं बिघडलं.

*

१८५/६५ आर १५.

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग गाडीचं पुस्तक काढून त्याचा अर्थ वाचला. एकशे पंच्याऐंशी म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पासष्ट म्हणजे टायरच्या बाजूची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आणि पंधरा म्हणजे चाकाचा व्यास. तो इंचांत.

एका ओळीत तीन प्रकारची मापं! एखाद्या दुकानदाराने साखर किलोत, पिशवी टक्क्यांत आणि दोरी इंचांत लावून बिल दिलं असतं, तर मापकाकांनी त्याचं दुकान दुपारच्या आत बंद केलं असतं. आणि इथे ते राजरोस रबरात उठवून, जगभर विकलं जात होतं. अशा माणसांच्या पंधरावर विश्वास ठेवायचा?

रविवारी सकाळी त्यांनी गाडीशेजारी वर्तमानपत्र अंथरलं, मांडी घातली आणि शिक्क्याची टेप चाकावर धरली. चाकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. लोखंडाच्या टोकापासून लोखंडाच्या टोकापर्यंत. श्वास रोखून.

एक्केचाळीस सेंटिमीटर, तीन मिलिमीटर.

म्हणजे सव्वासोळा इंच.

उरलेली तीन चाकं मोजली. सव्वासोळा. डिकीतलं सुटं चाक मोजलं. सव्वासोळा. आता शेजारची गाडी डोळ्यांसमोर होतीच. चौदा लिहिलेलं, भरलं सव्वापंधरा. तिच्या पलीकडची, सोळा लिहिलेली, भरली सव्वासतरा. मापकाका वर्तमानपत्र सरकवत सरकवत पुढे गेले. कपाळावर घाम, वहीत आकडे. बावीस गाड्या मोजून झाल्या. बावीसच्या बावीस खोट्या.

ते उठून उभे राहिले तेव्हा भोवती सात-आठ माणसं जमली होती.

‘काका, तपासणी चालू झाली का?’

‘माझं किती भरलं हो?’

‘तुमचं चौदा लिहिलंय. सव्वापंधरा भरतंय.’

‘म्हणजे जास्तच दिलंय ना? मग चांगलंच की.’

‘जास्त असो, कमी असो,’ मापकाका गंभीरपणे म्हणाले, ‘चूक ती चूक.’

‘मग आता काय करायचं?’

‘अजून काही सांगता येत नाही.’

सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य फार भयंकर ऐकू येतं. दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: ‘चाकांच्या मापातील तफावतीबाबत वरिष्ठ पातळीवर चौकशी सुरू आहे. सभासदांनी घाबरून जाऊ नये.’ ती वाचून जे घाबरले नव्हते तेही घाबरले. बँकवाल्यांनी त्या दिवशी गाडी पुसली नाही.

*

सोमवारी मापकाकांनी रीतसर अर्ज केला. स्वतःच्याच खात्यात. विषय: मोटारीच्या चाकांवर छापलेले माप व प्रत्यक्ष माप यांत सव्वा इंचाची तफावत. त्यांच्या हाताखालचा कारकून अर्ज दोनदा वाचून काढला.

‘साहेब, याला फाइल नंबर कशात द्यायचा? चाक ही वस्तू धरायची की मापाचं साधन?’

‘वस्तू.’

‘वस्तू असेल तर ती ज्या भागात विकली त्या भागाच्या निरीक्षकाकडे जाईल.’

‘बरोबर.’

‘तो भाग आपला आहे. म्हणजे ही तक्रार आपल्याकडे येईल. तक्रारदार आपणच आणि चौकशी अधिकारीही आपणच.’

‘मग?’

‘मग आपल्याला आपलं म्हणणं मांडायला आपल्यासमोर हजर राहावं लागेल. पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते.’

‘शुक्रवारी परीक्षा आहे रे मुलीची!’

‘साहेब, ते कारण तक्रारदाराने अर्जात लिहिलेलं नाही,’ कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात खवचटपणा होता की कर्तव्यदक्षता, हे मापकाकांना ओळखता आलं नाही. हा माणूस त्यांनीच तयार केलेला होता.

*

टायरच्या दुकानात त्यांनी मंगळवारी जो संवाद केला तो असा.

‘पंधराचे द्यायचे ना साहेब? एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. आहेत.’

‘पंधरा नाही. चाकं खऱ्या सोळाची द्या, खोट्या मापाची नकोत. अलॉयची. आणि त्यांच्यावर टायर एकशे पंच्याऐंशी, पासष्ट.’

टायरवाला हाडकुळा, चष्मा कपाळावर सरकवलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. त्याने चष्मा खाली घेतला.

‘सोळा घालायची तर घाला की. पण मग टायरची उंची कमी करावी लागेल. पंचावन्नचा घ्या. नाही तर चाक बाहेरून मोठं होतं आणि वर घासतं.’

‘मोठं कसं होईल? आत्ता आहे तेच सोळा आहे. सव्वासोळा. मी मोजलंय.’

‘कुठून मोजलंत?’

‘कडेपासून कडेपर्यंत.’

‘तिथेच घोळ झालाय साहेब. कडेपासून नाही मोजत. आत टायर जिथे बसतो ना, तिथून...’

‘आतून?’ मापकाकांनी आवाज चढवला. ‘टेबल मोजायचं तर काय ड्रॉवरपासून मोजता? खोली मोजायची तर पलंगापासून? एखादी वस्तू जिथे संपते तिथे संपते!’

टायरवाल्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एकावर एक लटकवलेली चाकं होती, त्यांनी काही मदत केली नाही.

‘बरं, ऑफसेट किती ठेवू?’

‘ते काय?’

‘चाक जिथे गाडीला टेकतं ती जागा चाकाच्या मधल्या रेषेपासून किती लांब, ते. अधिकमध्ये असतं, वजामध्येही असतं.’

‘अंतर वजा?’

‘हो. मधल्या रेषेच्या आतल्या बाजूला गेलं की वजा.’

मापकाका स्टुलावर बसले. एकतीस वर्षांत त्यांनी कमी अंतर पाहिलं होतं, खोटं अंतर पाहिलं होतं, दोन सेंटिमीटर कापून टाकलेला मीटरही पाहिला होता. वजा अंतर पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना पाणी द्यावं लागलं.

‘जे आहे तेच ठेवा,’ ते शेवटी म्हणाले. ‘पण चाक सोळा. आणि जुनी घालून टाका मोडीत. खोटं माप घरात नको.’

*

बुधवारी संध्याकाळी नवी चाकं बसली. दिसायला छानच होती. बिल्डिंगच्या फाटकातून गाडी आत येताना मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मग लेकीने जागेवर लावण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडीच्या पोटातून आवाज आला:

खर्रर्रर्र.

‘काय झालं?’

‘घासतंय बाबा. वर घासतंय.’

‘नवीन आहेत,’ मेहुणा म्हणाला. ‘नव्या चपला नाही का चावत? चार दिवसांत जागा करून घेतील.’

काकू गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. ‘मला गाडी उंच वाटते,’ त्या म्हणाल्या. ‘आणि चाकंही मोठी वाटतात. पण मी कोण बोलणारी? मला तर पडद्याचंही कळत नाही.’

मापकाका गुडघ्यावर बसून टेप लावत होते. नव्या चाकावर स्पष्ट सोळा कोरलेलं होतं.

टेपवर सव्वासतरा.

*

गुरुवार.

टायरवाल्याचं दुकान गुरुवारी बंद असतं.

सोळा मागितलं, सव्वासतरा मिळालं. पंधरा लिहिलेलं सव्वासोळा होतं. म्हणजे जे सोळा भरेल ते चाक पावणेपंधराचं. पावणेपंधराचं चाक कोणी बनवत नाही. मग सोळाचं चाक जगात आहेच कुठे? की टेपच?

टेप!

मापकाका अर्ध्या दिवसाची रजा टाकून, रजेवरच ऑफिसात गेले. खात्याचा मूळ मीटर कपाटात मखमली पेटीत असतो. त्याच्याशेजारी टेप ठेवून भिंग लावून पाहिली. तंतोतंत. टेप खरी. मीटर खरा. म्हणजे जगात कुठेतरी इंचातच गडबड झालेली होती, आणि ती एका माणसाला एका गुरुवारात दुरुस्त करता येणं कठीण होतं.

घरी येऊन ते गाडीत मागच्या सीटवर बसले. लेक समोर, सराव करत होती. पार्किंगमध्ये मागे, पुढे, मागे. प्रत्येक वळणाला खर्रर्रर्र.

‘तुला त्रास होतोय का गं?’

‘नाही बाबा.’

‘आवाजाकडे लक्ष देऊ नकोस.’

‘नाही देत.’

‘परवापर्यंत मी सगळं बरोबर करून देतो.’

‘बाबा, परीक्षा उद्या आहे.’

‘हो,’ मापकाका म्हणाले. ‘हो, उद्याच आहे.’ आणि त्यांना एकदम आठवलं, ही लहान असताना दरवर्षी दाराच्या चौकटीला उभी करून त्यांनी हिची उंची घेतली होती. दरवर्षी केसांच्या वर टेकवलेल्या पट्टीपासून. ती म्हणायची, बाबा, केस नका ना धरू. ते धरायचे.

*

शुक्रवार. परवाना कार्यालय. दहा वाजता.

अर्जातला नववा रकाना: वाहनाच्या मूळ रचनेत बदल केला आहे काय? होय / नाही.

मापकाकांनी पेन काढलं. दुसरा कोणी असता तर ‘नाही’वर खूण करून मोकळा झाला असता. पण एकतीस वर्षांची सरकारी नोकरी अशी पटकन खूण करू देत नाही. त्यांनी दोन्ही शब्दांच्या मधल्या जागेत, मुंगीच्या अक्षरात लिहिलं: ‘बदल केलेला नाही. मूळ माप चुकीचे असल्याने ते बरोबर करण्याचा प्रयत्न केला असता चाक आणखी चुकीचे आले आहे.’

खिडकी चारमधल्या माणसाने अर्ज डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

‘होय की नाही?’

‘सविस्तर लिहिलंय.’

‘इथे सविस्तर चालत नाही. होय की नाही?’

‘तुम्ही वाचा ना.’

‘वाचलं. होय की नाही?’

मागच्या रांगेतून कोणीतरी ‘अहो, नाही म्हणा ना!’ असं ओरडलं. दुसरा म्हणाला, ‘होय म्हणा, पण लवकर म्हणा!’ शेवटी खिडकीतल्या माणसाने अर्जावर ‘परीक्षकांनी प्रत्यक्ष पाहावे’ असा शेरा मारून जबाबदारीतून अंग काढून घेतलं. खात्यात मुरलेल्या मापकाकांना त्या शेऱ्याची सफाई मान्य करावीच लागली.

परीक्षक बाई मैदानात होत्या. त्याच त्या, टकलावरून बोट फिरवणाऱ्या. बुटक्या, ताठ, गळ्यात शिट्टी. त्यांनी अर्ज वाचला, गाडीचे कागद पाहिले, मग चाकासमोर वाकल्या. लेक आत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

‘टायर नवे आहेत. छान. पण कागदावर चाक पंधरा, गाडीला सोळा. मी ही गाडी घेऊ शकत नाही.’

‘मॅडम, कागद चुकीचा आहे.’

‘कागद चुकीचा?’

‘मी स्वतः वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. ते पंधरा पंधरा नव्हतंच. सव्वासोळा होतं. मी बावीस गाड्या मोजल्यात.’

बाईंनी पर्समधून शिंप्याकडे असते तशी कापडी टेप काढली.

‘ही चालणार नाही,’ मापकाका म्हणाले. ‘हिच्यावर शिक्का नाही.’

‘मग तुमची द्या.’

तर अशा रीतीने भर मैदानात दोन सरकारी नोकर एका चाकासमोर उकिडवे बसले. परीक्षेला आलेली वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी राहिली. सूर्य वर आला होता. बाराला परीक्षा बंद होणार होत्या, पुढची तारीख पुढच्या महिन्यात.

‘बघा, सव्वासतरा,’ मापकाका म्हणाले.

‘भरलं खरं.’ बाईंनी टेप त्यांच्या हातात परत दिली. ‘तुम्ही दुकानातलं लिटरचं माप तपासता?’

‘रोज.’

‘काय तपासता?’

‘आत किती मावतं ते.’

‘आणि वरची कड? मापाला वर थोडी जास्तीची कड असते ना?’

‘ती धरायची नसते. ती आतलं सांडू नये म्हणून असते.’

बाईंनी पेनाचं टोपण चाकाच्या कडेवर दोनदा वाजवलं.

‘ही पण सांडू नये म्हणूनच असते. टायर सांडू नये म्हणून. टायर आत बसतो. तिथे मोजायचं.’

रांगेतल्या एकाला शिंक आली, ती त्याने दाबली.

मापकाका उकिडवेच राहिले. कड. दोन्ही बाजूंची मिळून सव्वा इंच. बावीस गाड्यांत बावीस वेळा तोच सव्वा इंच. इतका प्रामाणिक, इतका एकसारखा सव्वा इंच, आणि तो चोर असेल असंच त्यांना वाटलं होतं. फलकावरची सूचना आठवली. फाइल आठवली, तिच्यात ते स्वतः स्वतःला नोटीस देणार होते. टायरवाला तर मंगळवारीच सांगत होता. वाक्य पुरं करू दिलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं.

‘हे बघा,’ बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘नवव्या रकान्यात होय करा, कारण लिहा, सही करा. बाराच्या आत मूळ मापाची चाकं लावून आणलीत तर मी घेते तिची परीक्षा. हे असंच मधल्या जागेतलं ठेवलंत तर मला अर्ज वर पाठवावा लागेल. मग तिची तारीख गेली.’

मापकाकांनी गाडीकडे पाहिलं. लेक त्यांच्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

त्यांनी अर्ज गाडीच्या टपावर ठेवला. ‘होय’वर खूण केली. कारण या शब्दापुढे लिहिलं: ‘माप चुकले.’ अक्षर नेहमीचंच, हजारदा वळवलेलं, सुंदर. मग थांबले आणि त्याच्याआधी एक शब्द घालायला जागा शोधली. ‘माझे’. सही केली. सवयीने खाली हुद्दाही लिहिला, निरीक्षक, वजनमापे. तो खोडावा असं वाटलं. खोडला नाही.

‘पण चाकं?’ त्यांना एकदम आठवलं. ‘मॅडम, जुनी चाकं मी मोडीत घालायला सांगितलीत.’

‘ती काय,’ बाई फाटकाकडे बघून म्हणाल्या, ‘तो टेम्पो तुमचाच आहे ना? मघापासून उभा आहे.’

फाटकाबाहेर टायरवाला टेम्पोला टेकून उभा होता. टेम्पोत चार चाकं. जुनीच, पण धुतलेली, आणि त्यांच्यावर काळेभोर कोरे टायर. एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा.

‘इकडून चाललो होतो,’ टायरवाला म्हणाला आणि जॅक काढला.

दुसरा कोणताही दिवस असता तर मापकाकांनी चौकशी केली असती. चार चाकं घेऊन, जॅक घेऊन, शुक्रवारी अकरा वाजता माणूस इकडून कुठे चाललेला असतो? पण आज त्यांनी फक्त नट धरले. चार चाकं, सोळा नट, दोन्ही तळव्यांत. भोवतीच्या वीस-पंचवीस जणांनी नट आधी कोणता आवळावा यावर तीन वेगवेगळी मतं दिली. मापकाकांनी एकही वहीत लिहून घेतलं नाही.

पावणेबाराला लेक मैदानात उतरली. आठाच्या आकड्यात गाडी वळली. आवाज नाही. चढावर थांबली, जरा मागे आली, मग पुढे गेली. बाईंनी शिट्टी वाजवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. किती लिहिलं ते लांबून दिसलं नाही, पण थोडकंच होतं.

‘पास,’ लेक काच खाली करून म्हणाली. मग जरा थांबून, ‘बाबा, घरी मी चालवू?’

मापकाका शेजारच्या सीटवर बसले. रस्ताभर त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

‘सोमवारी जाताना केस बांधून जा. उंच दिसशील.’

‘केस धरून की न धरता?’

ते हसले. खूप वेळ, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

बुधवारी संध्याकाळी, नवी चाकं पहिल्यांदा घासली त्यानंतर दहा मिनिटांनी, लेकीने गच्चीत जाऊन टायरवाल्याला फोन केला होता: ‘जुनी चाकं मोडीत घालू नका. त्यांच्यावर पंधराचे नवे टायर चढवून ठेवा आणि शुक्रवारी साडेदहाला परवाना कार्यालयाच्या फाटकाबाहेर थांबा. मी बोलावलं असं बाबांना सांगू नका.’